समुद्राचा ताप आणि सातशे किलोमीटरवरचा थर्मामीटर

आजारी माणसाला दवाखान्यात नेलं की डॉक्टर आधी दोन गोष्टी बघतात. अंगात ताप आहे का, आणि जिभेचा रंग कसा आहे. पुढच्या तपासण्या नंतर. समुद्राची तब्येत बघायची असेल तरी हेच दोन प्रश्न कामाला येतात: पाण्याचं तापमान किती, आणि पाण्याचा रंग कसा. गंमत म्हणजे ही दोन्ही उत्तरं मिळवायला दरवेळी होडीत बसावं लागत नाही. पृथ्वीपासून सुमारे ७०५ किलोमीटर उंचीवरून फिरणारे लँडसॅट उपग्रह ती माहिती गोळा करतात आणि ती कुणालाही फुकट मिळते. अगदी आपल्या हॉस्टेलच्या कॉम्प्युटरवरसुद्धा.

रिमोट सेन्सिंग म्हटलं की आपल्याकडे दोन टोकाच्या प्रतिक्रिया येतात. एक म्हणजे "हे इस्रोचं काम, आपलं नाही." दुसरी म्हणजे "सॅटेलाइटवरून सगळंच दिसतं." दोन्ही खऱ्या नाहीत. सेमिनारसाठी हा विषय वाचताना मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती या दोन टोकांमधली जागा: उपग्रह नक्की काय मोजतो, काय मोजत नाही, आणि मोजलेल्या आकड्यावरून आपण काय म्हणू शकतो. शाळा इंग्रजी माध्यमाची असल्यामुळे मराठी शब्द शोधताना जरा तारांबळ होते, पण जिथे शब्द अडला तिथे सरळ वापरातला शब्द ठेवला आहे.

ताप मोजायचा कशासाठी?

आपल्यापैकी बरेच जण पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गकडचे आहेत. किनाऱ्यावर एखादा मोठा प्रकल्प उभा राहिला की काही वर्षांनी एक वाद हमखास ऐकू येतो. मच्छीमार म्हणतात, "पाणी गरम झालं, मासळी लांब गेली." प्रकल्पाचे लोक म्हणतात, "आमचं पाणी मर्यादेतच आहे." दोघांकडेही पुरावा अपुरा असतो. मच्छीमाराकडे अनुभव असतो पण नोंद नसते. प्रकल्पाकडे नोंद असते, पण ती त्यांनीच घेतलेली, त्यांच्याच ठरावीक जागांवरची. अशा वेळी तिसऱ्या कुणाची तरी नोंद लागते, आणि उपग्रह हा असा तिसरा साक्षीदार आहे. त्याला कुणाची बाजू घ्यायची नसते, आणि मुख्य म्हणजे त्याच्याकडे जुनी नोंद असते. लँडसॅट-५ हा उपग्रह १९८४ साली सोडला गेला आणि त्यावर तापमान मोजणारा बँड होता. म्हणजे आज चाळिशीत असलेल्या माणसाच्या जन्मापासूनचा हिशोब कुठेतरी साठवलेला आहे. २००८ पासून हा सगळा साठा मोफत खुला झाला.

आता गरम पाणी येतं कुठून? औष्णिक किंवा अणुवीज केंद्रात वाफेवर टर्बाइन फिरतं, आणि काम झालेली वाफ थंड करून तिचं परत पाणी करावं लागतं. थर्मोडायनामिक्सच्या तासाला कार्नो सायकल शिकताना आपण कंडेन्सरचं चित्र काढून पुढे जातो. पण त्या कंडेन्सरमधली उष्णता जाते कुठे, हा प्रश्न परीक्षेत येत नाही. किनाऱ्यावरच्या केंद्रात ती समुद्रात जाते.

एक ढोबळ हिशोब करू. समजा ५०० मेगावॅटचं अणुवीज केंद्र आहे आणि त्याची कार्यक्षमता एक तृतीयांश आहे. म्हणजे ५०० मेगावॅट वीज तयार होताना सुमारे १००० मेगावॅट उष्णता टाकून द्यावी लागते. समुद्राच्या पाण्याची विशिष्ट उष्णता सुमारे ४ किलोज्यूल प्रति किलो प्रति अंश धरा. पाणी फक्त ७ अंशांनी तापू द्यायचं असेल तर दर सेकंदाला किती पाणी लागेल? १०,००,००० भागिले (४ × ७), म्हणजे सुमारे ३५,७०० किलो. उन्हाळ्यात आपल्या गावात येणारा दहा हजार लिटरचा पाण्याचा टँकर आठवा. असे साडेतीन टँकर, दर सेकंदाला, दिवसरात्र.

मी ७ अंश हा आकडा उगाच घेतलेला नाही. जून १९९९ नंतर सुरू झालेल्या, समुद्राचं पाणी वापरणाऱ्या औष्णिक केंद्रांसाठी आपल्या पर्यावरण नियमांत हीच मर्यादा आहे: सोडलेलं पाणी आजूबाजूच्या पाण्यापेक्षा ७ अंशांहून जास्त गरम नको.

सात अंशांनी काय बिघडतं, असं कुणी विचारेल. समुद्राच्या पाण्यात २५ अंशांना सुमारे ६.७ मिलिग्रॅम प्रति लिटर ऑक्सिजन विरघळू शकतो, ३० अंशांना सुमारे ६.२. म्हणजे पाणी तापलं की ऑक्सिजन कमी होतो, आणि त्याच वेळी माशाच्या शरीराची ऑक्सिजनची गरज वाढते. उत्पन्न घटलं आणि खर्च वाढला, अशी अवस्था. पोहता येणारा मासा तिथून निघून जातो. कालव, तिसऱ्या यांना पाय नाहीत, पंख नाहीत. ते तिथेच राहतात.

पाणी स्वतःच 'चमकतं'

शून्य केल्विनच्या वर असलेली प्रत्येक वस्तू काही ना काही प्रारण बाहेर टाकते. किती आणि कुठल्या तरंगलांबीचं, ते तापमानावर ठरतं. वीनचा नियम आठवत असेल: २८९८ भागिले केल्विनमधलं तापमान म्हणजे सगळ्यात जास्त प्रारणाची तरंगलांबी, मायक्रॉनमध्ये. समुद्राचं पाणी साधारण ३०० केल्विनला असतं. २८९८ भागिले ३००, म्हणजे ९.६६ मायक्रॉन. हे थर्मल इन्फ्रारेड. डोळ्याला दिसत नाही, पण योग्य सेन्सरला समुद्र रात्रीच्या काळोखातसुद्धा 'चमकताना' दिसतो.

सुदैवाने ८ ते १४ मायक्रॉनच्या पट्ट्यात आपलं वातावरण बऱ्यापैकी पारदर्शक आहे. या खिडकीतून उपग्रह खाली बघतो. लँडसॅट-८ (२०१३) आणि लँडसॅट-९ (२०२१) यांचा बँड १० याच खिडकीत, सुमारे १०.६ ते ११.२ मायक्रॉनमध्ये काम करतो.

पिक्सेलपासून अंशापर्यंत

इमेज डाउनलोड केल्यावर प्रत्येक पिक्सेलमध्ये एक पूर्णांक असतो. त्याला डिजिटल नंबर, थोडक्यात डीएन म्हणतात. हा आकडा म्हणजे तापमान नव्हे. दोन पायऱ्या चढाव्या लागतात.

पहिली पायरी, डीएनवरून रेडिअन्स. लँडसॅट-८ च्या बँड १० साठी:

रेडिअन्स = ०.०००३३४२ × डीएन + ०.१

दुसरी पायरी, रेडिअन्सवरून तापमान. हा प्लांकच्या नियमाचाच उलटा करून सोपा केलेला अवतार आहे:

तापमान (केल्विन) = १३२१.०७८९ ÷ नॅचरल लॉग (७७४.८८५३ ÷ रेडिअन्स + १)

समजा एका पिक्सेलचा डीएन २८,००० आहे. रेडिअन्स येईल ९.४५७६. ७७४.८८५३ ला त्याने भागून १ मिळवला की ८२.९३. त्याचा नॅचरल लॉग ४.४१८. उत्तर २९९.० केल्विन, म्हणजे सुमारे २५.९ अंश सेल्सिअस. शेजारच्या पिक्सेलचा डीएन २९,००० असेल तर हाच हिशोब ३०१.४ केल्विन देतो, म्हणजे २८.२ अंश. एक हजार डीएनचा फरक म्हणजे सव्वादोन अंशांच्या आसपासचा फरक, हे एकदा डोक्यात बसलं की इमेज नुसती बघूनही अंदाज येतो. सारे आकडे इमेजसोबत येणाऱ्या मेटाडेटा फाइलमध्ये लिहिलेले असतात. कॅल्क्युलेटर आणि वहीवर एकदा करून बघा, व्हायवाला उपयोगी पडेल!

इथे गडबड होऊ शकते

वरचा आकडा खरं तर 'ब्राइटनेस टेंपरेचर' आहे. पाण्याच्या खऱ्या तापमानापर्यंत पोचायला आणखी काही गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात.

एक, उत्सर्जनक्षमता. पाणी आदर्श कृष्णवस्तू नाही, पण जवळपास आहे, साधारण ०.९९. हा एक टक्का विसरला तर उत्तर सुमारे ०.७ अंशाने कमी येतं.

दोन, हवेतली वाफ. आपल्या किनाऱ्यावरची हवा दमट. ही वाफ समुद्राचं प्रारण वाटेत शोषते आणि स्वतःचं, जरा थंड, प्रारण वर पाठवते. त्यामुळे समुद्र आहे त्यापेक्षा थंड दिसतो. यावर उपाय म्हणून ११ आणि १२ मायक्रॉन असे दोन बँड एकत्र वापरतात. वाफ या दोघांना सारखीच अडवत नाही, म्हणून दोघांच्या उत्तरांतल्या फरकावरून वाफेचा अंदाज येतो. याला स्प्लिट विंडो पद्धत म्हणतात. लँडसॅट-८ च्या बँड ११ मध्ये भलत्याच दिशेचा प्रकाश शिरण्याचा दोष निघाला, म्हणून त्यावर ही पद्धत जपून वापरावी लागते. लँडसॅट-९ मध्ये तो दोष दुरुस्त केला आहे.

पण सगळ्यात सोपा उपाय म्हणजे नेमकं तापमान सांगायच्या भानगडीतच पडायचं नाही. फरक सांगायचा. केंद्राच्या तोंडाजवळचं पाणी आणि तिथून पाच-सात किलोमीटरवरचं पाणी एकाच इमेजमध्ये आहे. दोघांवरची हवा जवळपास सारखीच. मग हवेची चूक वजाबाकीत बरीचशी निघून जाते. आपला प्रश्नही 'आजूबाजूपेक्षा किती गरम' असाच आहे.

तीन, कातडी. थर्मल इन्फ्रारेड पाण्याचा फक्त वरचा दहा-वीस मायक्रॉनचा थर बघतं. केसाच्या जाडीपेक्षाही कमी! बादलीत थर्मामीटर बुडवून घेतलेलं तापमान आणि उपग्रहाचं तापमान तंतोतंत जुळणार नाही, कारण दोघं वेगळ्या गोष्टी मोजतात. शिवाय गरम पाणी हलकं असल्यामुळे वर तरंगतं. इमेजमध्ये मोठा पसरलेला गरम पट्टा खाली फक्त मीटर-दोन मीटर जाडीचा असू शकतो. क्षेत्रफळ उपग्रह सांगेल, खोली नाही.

चार, पिक्सेलचा आकार. बँड १० ची इमेज ३० मीटरच्या पिक्सेलची म्हणून मिळते, पण सेन्सरने प्रत्यक्ष मोजलेला तुकडा १०० मीटरचा असतो. ३० मीटर हे नंतर कॉम्प्युटरने केलेले भाग. किनाऱ्याला लागून असलेल्या पिक्सेलमध्ये तापलेली वाळू आणि खडकही मिसळलेले असतात. म्हणून किनाऱ्यालगतचे निदान दोन-तीन पिक्सेल सोडून द्यावेत. नाहीतर 'गरम पाण्याचा पट्टा' म्हणून आपण दुपारची वाळू दाखवत बसू.

तिथी, भरती आणि एलिअसिंग

मला सगळ्यात आवडलेला भाग हा. लँडसॅट सूर्याशी वेळ जुळवून फिरतो. आपल्या किनाऱ्यावरून तो सकाळी ११ च्या सुमारास जातो, तोही दर १६ दिवसांनी. पण भरती-ओहोटी चंद्राच्या घड्याळावर चालते. कोकणात भरतीची वेळ काढायची जुनी युक्ती सगळ्यांना माहीत असते: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता. म्हणजे अष्टमीला दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. पौर्णिमेला पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे लँडसॅट येतो तेव्हा भरती जवळजवळ पूर्ण. हिशोब ढोबळ आहे, पण कामाचा आहे.

आता बघा. लँडसॅटच्या १६ दिवसांत भरती-ओहोटीची साधारण ३०.९२ आवर्तनं होतात. म्हणजे ३१ ला थोडी कमी. त्यामुळे पुढच्या वेळी उपग्रह येतो तेव्हा भरतीचं चक्र मागच्या वेळेपेक्षा सुमारे एका तासाने मागे असतं. जवळपास तीच स्थिती. एकाच उपग्रहाच्या लागोपाठच्या इमेज बघून वाटतं, पाणी कायम दक्षिणेकडेच वाहतंय! हेच ते एलिअसिंग, जे इलेक्ट्रॉनिक्सवाले सिग्नल्समध्ये शिकतात. सॅम्पल फार सावकाश घेतलं की वेगाने बदलणारी गोष्ट संथ भासते. सिनेमात बैलगाडीचं चाक उलटं फिरताना दिसतं, तसंच.

दुसरी बाजूही बघा. लँडसॅट-९ हा लँडसॅट-८ च्या आठ दिवस मागे असतो. आठ दिवसांत १५.४६ आवर्तनं होतात, म्हणजे उरतं जवळपास अर्धं. लँडसॅट-८ ला भरती दिसली असेल तर लँडसॅट-९ ला ओहोटी दिसणार. या दोन इमेज शेजारी ठेवून "आठ दिवसांत प्रदूषण दुप्पट झालं" असं कुणी छापलं, तर त्याने प्रदूषण मोजलेलं नाही, चंद्र मोजला आहे. खाडीच्या तोंडाशी तर भरतीला बाहेरचं स्वच्छ पाणी आत येतं आणि ओहोटीला आतलं गढूळ पाणी बाहेर पडतं.

उपाय सोपा आहे. प्रत्येक इमेजच्या बाजूला तिथी आणि भरतीची वेळ लिहून ठेवायची आणि सारख्या स्थितीच्या इमेजचीच तुलना करायची. एका उपग्रहाला भरतीचं पूर्ण चक्र बघायला साधारण १२ फेऱ्या, म्हणजे सहा महिने लागतात. आपल्याकडे ऑक्टोबरअखेरपासून एप्रिलपर्यंत आकाश बहुतेक निरभ्र असतं. म्हणजे एका कोरड्या हंगामात हे चक्र बरोबर बसतं.

रंगाची भाषा

आता जिभेचा रंग. स्वच्छ खोल समुद्र निळा दिसतो, कारण पाणी लाल प्रकाश शोषतं आणि निळा परत पाठवतं. पाण्यात वनस्पती-प्लवंग वाढले की त्यांचं क्लोरोफिल निळा प्रकाश खातं आणि पाणी हिरवट होतं. निळ्या आणि हिरव्या बँडच्या गुणोत्तरावरून क्लोरोफिलचा अंदाज काढतात. भारताने २६ मे १९९९ रोजी ओशनसॅट-१ सोडला तो याच कामासाठी. त्यावरच्या ओशन कलर मॉनिटरला आठ बँड होते आणि पिक्सेल सुमारे ३६० मीटरचा. २००९ मध्ये ओशनसॅट-२ आला. २६ नोव्हेंबर २०२२ ला सोडलेल्या ईओएस-०६, म्हणजे ओशनसॅट-३ वर, १३ बँडचा कलर मॉनिटर आणि समुद्राचं तापमान मोजणारा सेन्सर असे दोन्ही एकत्र बसवले आहेत. ताप आणि जीभ, एकाच वेळी.

याचा रोजच्या जगण्यातला उपयोग हैदराबादची इन्कॉइस ही संस्था करते. जिथे थंड आणि उबदार पाण्याची सीमा आणि क्लोरोफिल एकत्र येतं तिथे मासळी मिळायची शक्यता जास्त. त्यावरून मच्छीमारांना संभाव्य मासेमारी क्षेत्राची सूचना दिली जाते. डिझेल वाचतं, फेरा वाचतो.

पण हे गुणोत्तर मोकळ्या समुद्रासाठी आहे. मुंबईजवळच्या किनाऱ्याला ते जसंच्या तसं लावलं तर फसतं. आपल्या खाड्यांमध्ये चिखल भरपूर, आणि भरती-ओहोटीचा फरक मोठा, उधाणाला चार-साडेचार मीटरपर्यंत. दिवसातून दोनदा तळ ढवळला जातो. गाळ आणि कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा पिवळसर रंगही निळा प्रकाश कमी करतो, आणि गणित सांगतं "क्लोरोफिल वाढलं." म्हणून किनाऱ्याजवळ लाल आणि हिरव्या बँडची तुलना करून गढूळपणा मोजणं जास्त भरवशाचं. त्यासाठी युरोपचा सेंटिनेल-२ उत्तम, १० मीटरचा पिक्सेल. आणि गढूळ म्हणजे प्रदूषित नव्हे, हेही पाठ करून ठेवावं. उधाणाच्या भरतीला मातीने लालसर झालेलं पाणी पूर्ण निर्दोष असू शकतं. रोगजंतूंनी भरलेलं पाणी दिसायला नितळ असू शकतं.

ढगांच्या खालचं तेल

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ ही जहाजं एकमेकांवर आदळली. चित्रा कलंडलं, कंटेनर समुद्रात पडले आणि शेकडो टन तेल सांडलं. तारीख बघा, ऑगस्ट. भर पावसाळा. वर ढगांचं छत. रंग बघणारा किंवा ताप बघणारा उपग्रह अशा दिवशी फक्त ढगांचा माथा बघू शकतो.

इथे रडार लागतं. रडार स्वतःच सूक्ष्मलहरी सोडतं आणि परत आलेल्या मोजतं. ढग, रात्र, पाऊस यांची फारशी पर्वा नाही. वाऱ्याने समुद्रावर काही सेंटिमीटरच्या बारीक लाटा उठतात, त्यांच्यावरून रडारच्या लहरी परत फिरतात आणि पाणी उजळ दिसतं. तेलाचा तवंग या बारीक लाटा दाबून टाकतो. तिथून काहीच परत येत नाही, आणि इमेजमध्ये काळा डाग दिसतो. उकळत्या दुधावर साय धरली की पृष्ठभाग कसा शांत होतो, तसंच काहीसं.

यातही फसगत आहेच. वारा सेकंदाला दोन-तीन मीटरपेक्षा कमी असेल तर सगळाच समुद्र गुळगुळीत आणि सगळाच काळा. वारा दहा-बारा मीटरच्या वर गेला तर तेल पाण्यात मिसळून जातं आणि डाग पुसला जातो. शेवाळाचा थरसुद्धा तेलासारखाच काळा दिसतो. म्हणून वाऱ्याची नोंद जवळ असल्याशिवाय रडार इमेजवर बोलू नये. युरोपचा सेंटिनेल-१, २०२२ साली सोडलेला आपला ईओएस-०४ आणि ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेला इस्रो-नासाचा निसार हे सगळे रडारवाले.

जे दिसतच नाही

मुंबईचं बरंचसं सांडपाणी वरळी आणि वांद्रे इथून समुद्राखालच्या सुमारे साडेतीन किलोमीटरच्या बोगद्यांतून आत नेऊन सोडतात. ते गोडं आणि हलकं असल्यामुळे वर येतं, आणि त्याचा गढूळ ठसा कधीकधी दिसू शकतो. पण आंघोळीयोग्य समुद्राच्या पाण्याचा निकष आहे १०० मिलिलिटरमागे १०० फीकल कोलिफॉर्म. हे जंतू कुठल्याही उपग्रहाला दिसत नाहीत. अमोनिया दिसत नाही, पारा दिसत नाही, विरघळलेला ऑक्सिजन दिसत नाही. जे प्रकाशाशी किंवा उष्णतेशी काही करतं तेच दिसतं. बाकीच्यासाठी बाटली भरून प्रयोगशाळेतच जावं लागतं. उपग्रह इतकंच सांगू शकतो की बाटली कुठे आणि कधी भरावी. हेही कमी नाही. दहा बाटल्यांचं बजेट असताना त्या दहा जागा कुठल्या, यावर अख्ख्या अहवालाचं भवितव्य ठरतं.

आणखी एक सावधगिरी रंगांची. तापमानाच्या नकाशात लाल कुठे सुरू करायचा हे नकाशा बनवणारा ठरवतो. २६ अंशांना निळा आणि २७ ला लाल दिला तर एका अंशाचा फरकही आगीसारखा दिसेल. २० ते ४० असा पट्टा घेतला तर सात अंशांचा फरकसुद्धा मवाळ दिसेल. दोन्ही नकाशे 'खरे', आणि दोन्ही फसवे. म्हणून कुठलाही नकाशा हातात आला की चित्राच्या आधी बाजूची पट्टी वाचायची.

आपण काय करू शकतो

तारापूरला ५४० मेगावॅटचे दोन अणुभट्टी संच २००५ आणि २००६ साली सुरू झाले. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या, दोन्ही काळातल्या लँडसॅट इमेज साठ्यात आहेत. किनाऱ्यावरच्या कुठल्याही प्रकल्पाबाबत असाच 'आधी आणि नंतर' अभ्यास करता येतो. खर्च शून्य. लागतं ते असं:

१. यूएसजीएसच्या अर्थ एक्सप्लोररवरून लँडसॅट आणि कोपर्निकसवरून सेंटिनेल इमेज. भारतीय उपग्रहांसाठी एनआरएससीचं भूनिधी. तिन्हीकडे नाव नोंदवायचं, बस.

२. क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर. वरचं समीकरण त्याच्या रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये सरळ टाइप करता येतं.

३. एक वही. त्यात प्रत्येक इमेजची तारीख, वेळ, तिथी, भरतीची स्थिती, वारा.

४. एक साधा थर्मामीटर, एक बादली, आणि उपग्रह जाण्याच्या दिवशी सकाळी ११ वाजता होडीतून नेणारा ओळखीचा कुणी मच्छीमार. त्याच्याशी नीट बोला. कुठल्या महिन्यात पाण्याची 'धार' कुठल्या बाजूला जाते हे त्याला कुठल्याही इमेजपेक्षा चांगलं माहीत असतं. इमेजचं काम त्याचं म्हणणं तपासता येईल अशा कागदावर आणणं.

सिव्हिलवाल्यांनी नकाशे करावेत, मेकॅनिकलवाल्यांनी उष्णतेचा हिशोब, इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी सॅम्पलिंग, कॉम्प्युटरवाल्यांनी बारा फेऱ्यांची प्रक्रिया एका स्क्रिप्टमध्ये बसवावी. दरवर्षी तोच तो 'ऑटोमॅटिक स्ट्रीट लाइट'चा प्रोजेक्ट करण्यापेक्षा हे बरं नाही का? निकाल काहीही येवो. गरम पट्टा मर्यादेत निघाला तर मच्छीमारांची एक शंका फिटेल आणि मासळी कमी होण्याचं खरं कारण दुसरीकडे शोधता येईल. मर्यादेबाहेर निघाला तर सुनावणीच्या दिवशी त्यांच्या हातात तारीखवार कागद असेल. आमच्या सर-मॅडमना विनंती, की येत्या हिवाळ्यासाठी निदान एका गटाला हा विषय द्यावा. लँडसॅटच्या पुढच्या बारा फेऱ्यांच्या तारखा मी कॅलेंडरमध्ये मांडल्या आहेत. ज्यांना रस असेल त्यांनी लेडीज हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर नाव लिहून ठेवावं.